दोन डोळ्यांमधलं अंतर

मुलगी आठवी-नववीत गेली की तिच्या बाहुल्या माळ्यावर जातात. कुणी तसं ठरवलेलं नसतं. दिवाळीच्या साफसफाईत एक खोकं वर चढतं आणि पुन्हा खाली येत नाही. मग कंपासपेटीच्या झाकणावरचं मांजराचं स्टिकर, वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली मोठ्या डोळ्यांची मुलगी, एवढ्यावर भागवायचं. तेही कुणाच्या नजरेस पडलं की ऐकून घ्यायचं, 'घोडी झालीस आता!' हे वाक्य मी ऐकलं आहे, माझ्या आईनं तिच्या आईकडून ऐकलं होतं आणि माझ्या मुलीला मी ते एकदा म्हटलं आहे. तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

या पुस्तकातून ज्या चित्रकाराची मराठी वाचकांशी ओळख होणार आहे, त्यानं जपानमधल्या मुलींना नेमकं याच वाक्यापुढे उभं राहायचं बळ दिलं. त्याचं नाव नाइतो रुने. जन्म १९३२ चा, आइची प्रांतातल्या ओकाझाकी गावचा. २००७ मध्ये तो गेला तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता. पण या पानांत आपल्याला भेटतो तो विशी-पंचविशीतला, टोकियोत नुकताच आलेला, मासिकाच्या कचेरीत मान मोडून चित्रं काढणारा मुलगा. म्हणून मी त्याच्याविषयी एकेरीतच लिहिणार आहे. आवडत्या गवयाला आणि चित्रकाराला आपण एकेरीतच हाक मारतो.

माझी आणि त्याची भेट होण्याचं श्रेय पुण्याला आहे. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आणि मोठी. मीही शिकत होते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच 'कावाई' हा शब्द पदरात पडला. गोंडस, असा त्याचा अर्थ वहीत लिहून घेतला आणि पुढे गेले. बऱ्याच वर्षांनी टोकियोत नेझू स्टेशनवरून चालत यायोई संग्रहालयात पोचले, तेव्हा त्या एका शब्दाच्या अर्थात मी किती कमी लिहून घेतलं होतं ते कळलं.

या संग्रहालयाबद्दल थोडं सांगायलाच हवं. टोकियो विद्यापीठाच्या एका दाराशेजारी ते उभं आहे. छोटंसं आहे आणि तिथे मोठी तैलचित्रं नाहीत. आहेत ती मासिकांतली चित्रं: मुखपृष्ठं, कथाचित्रं, पुरवण्यांबरोबर फुकट मिळणारी कागदी खेळणी. एका वकिलानं ते १९८४ मध्ये सुरू केलं. नऊ वर्षांचा असताना त्यानं मुलांच्या मासिकात ताकाबाताके काशो या चित्रकाराचं एक चित्र पाहिलं होतं. ते त्याच्या मनातून गेलं नाही. मोठेपणी त्यानं चित्रकाराला शोधून काढलं, पत्र लिहिलं, स्नेह जुळला, आणि त्यातून पुढे हे संग्रहालय झालं. बालपणी पाहिलेल्या चित्राची आठवण माणसाकडून काय काय करून घेते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. रुनेच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन पुढे इथेच भरलं.

रुनेच्या चित्रांकडे जायचं तर आधी नाकाहारा जुनइची या माणसाकडे जावं लागतं. रुनेनं त्यालाच गुरू मानलं. नाकाहाराचा जन्म १९१३ चा. एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्यानं स्वतः केलेल्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरलं आणि त्यातून 'शोजो नो तोमो', म्हणजे 'मुलींची मैत्रीण', या मासिकात चित्रं काढायचं काम त्याला मिळालं. त्याच्या मुलींचे डोळे अर्धा चेहरा व्यापायचे. मान सडपातळ, नजर कुठेतरी दूर. १९३० च्या दशकात शाळकरी मुली त्या चित्रांवर जीव टाकत होत्या. आणि मग युद्धाचे दिवस आले. चैन हा शत्रू आहे अशा घोषणा रस्त्यावर लागल्या. देशासाठी कणखर मुली हव्या असताना या नाजूक, स्वप्नाळू मुली कशाला, असा सैन्याचा आक्षेप होता. १९४० मध्ये नाकाहाराची चित्रं त्या मासिकातून गेली.

चित्रातल्या मुलीच्या डोळ्यांची सैन्याला अडचण व्हावी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोंडस चित्र म्हणजे निरुपद्रवी चित्र असं आपण धरून चालतो. सत्तेला तसं वाटलं नाही. जी मुलगी आरशात पाहून स्वतःच्या केसांना रिबीन बांधते, ती कुणाच्या तरी हुकमाबाहेर काही क्षण जगते. हे त्या सैनिकी अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा लवकर कळलं असावं.

पुढची पाच वर्षं मुलींनी ढगळ विजारी घातल्या, शाळेऐवजी कारखान्यात कामं केली. जुलै १९४५ मध्ये ओकाझाकीवर आगीचे बाँब पडले तेव्हा रुने बारा वर्षांचा होता. युद्ध संपल्यावर वर्षभरात, १९४६ मध्ये, नाकाहारानं स्वतःचं मासिक काढलं: 'सोलेय', फ्रेंच भाषेत सूर्य. १९४७ मध्ये किशोरवयीन मुलींसाठी दुसरं: 'हिमावारी', सूर्यफूल. लोक रताळ्यांवर दिवस काढत होते, आणि हा माणूस सांगत होता की जुन्या किमोनोच्या कापडातून झगा कसा बेतायचा, उरलेल्या चिंधीची कॉलर कशी करायची. ही चैन नव्हती. आपल्याकडे आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवताना मधोमध एखादं लाल ठिगळ मुद्दाम लावतात, त्या जातीचं ते काम होतं.

ओकाझाकीतल्या मुलानं नाकाहाराची चित्रं पाहिली, पत्रं लिहिली, आणि त्या पत्रांनी त्याला विशीच्या उंबरठ्यावर टोकियोत आणून सोडलं. 'रुने' हे नाव त्यानं घेतलेलं आहे, फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक रने क्लेर यांच्या प्रेमातून. १९५४ मध्ये नाकाहारानं 'ज्युनिअर सोलेय' सुरू केलं आणि रुनेला त्याचं अंगण मिळालं. तिथे त्यानं पडेल ते केलं. कोपऱ्यातली छोटी चित्रं काढली, कापडी बाहुल्या केल्या, कपडे सुचवले, भरतकामाचे नमुने दिले, खोली कशी सजवायची ते लिहिलं. या काळातली त्याची चित्रं मला सगळ्यांत जास्त आवडतात. त्यांत अजून गुरूची सावली आहे, पण एका गोष्टीत शिष्य गुरूपासून फुटून निघालेला स्पष्ट दिसतो.

ती गोष्ट शब्दांत सांगण्यापेक्षा करून पाहिलेली बरी. एखाद्या लग्नपत्रिकेच्या पाकिटाची मागची बाजू घ्या. एक वर्तुळ काढा. त्याच्या मधोमध पुसटशी आडवी रेघ ओढा. त्या रेघेवर, नेहमी काढतो तसे, दोन ठिपक्यांचे डोळे काढा. खाली नाक, खाली तोंड. हा झाला कुणाचाही चेहरा. आता शेजारी तसंच दुसरं वर्तुळ काढा, पण डोळे रेघेच्या जरा खाली घ्या. कपाळ मोठं झालं, चेहऱ्याचं वय उतरलं. आता तिसरं वर्तुळ. डोळे खालीच ठेवा, पण एकमेकांपासून लांब न्या, दोन्ही गालांच्या दिशेनं. नाकाचा फक्त एक ठिपका, तोंड नाकाच्या अगदी जवळ आणि इवलंसं. पाहा, कागदातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. ते आपल्यावर विश्वास टाकून बघतंय. आता तेच डोळे आणखी अर्धा सेंटिमीटर लांब न्या. तो विश्वास गेला, चेहरा माशासारखा झाला.

रुनेची सगळी हुकूमत या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये आहे. नाकाहाराच्या मुलीचे डोळे मोठे होते, पण ते जागच्या जागी होते. ती सुंदर होती, जराशी उदास, मोठी होऊ घातलेली. रुनेनं डोळे लांब लांब नेले, डोकं गोल आणि मोठं केलं, अंग आखूड केलं. पण या लहानग्या वाटणाऱ्या मुलीच्या अंगावर त्या वर्षीच्या फॅशनचा झगा घातला, केसांची नव्या तऱ्हेची रचना केली आणि तिची नजर किंचित बाजूला वळवली. ती स्वतःच्या मर्जीची आहे हे त्या नजरेत आलं. लहान मूल आणि तरुण मुलगी एकाच चेहऱ्यात, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीची लाज बाळगत नाही.

लहान पिल्लाचा चेहरा पाहून आपण का विरघळतो, याचा विचार शास्त्रानंही केला आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडलं की मोठं कपाळ, खाली आलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय ही लक्षणं दिसली की मोठ्यांच्या मनात सांभाळायची ओढ आपोआप जागी होते, मग ते माणसाचं मूल असो की कुत्र्याचं पिल्लू. स्टीव्हन जे गुल्ड या जीवशास्त्रज्ञानं १९७९ मधल्या एका निबंधात मिकी माउसचीच मापं घेतली. पहिल्या चित्रांतला मिकी मोठा व्रात्य होता. पन्नास वर्षांत तो सभ्य होत गेला आणि त्याबरोबर दिसायला लहान होत गेला: त्याचा डोळा डोक्याच्या लांबीच्या २७ टक्के होता, तो ४२ टक्के झाला. कुणी ठरवून मोजपट्टी लावली नव्हती. चित्रकारांचे हात लोकांच्या मायेच्या दिशेनं सरकत गेले.

ही माहिती वाचून पुष्कळ जण निःश्वास टाकतात: म्हणजे हे सगळं एक सूत्रच, कुणीही वापरावं. मला हे पटत नाही. सूत्र सगळ्यांना ठाऊक असूनही बाजारातली बहुतेक गोंडस चित्रं आपण पाहतो आणि विसरतो. सा रे ग म सगळ्यांकडे असतातच. डोळे किती खाली, किती लांब, आणि नजर कुठे, हे चित्रकाराचा हात ठरवतो, आणि त्या हातामागे त्याचं स्वतःचं काहीतरी हरवलेलं असावं लागतं, असं मला रुनेची चित्रं पाहून वाटत आलं आहे.

काय हरवलं होतं? त्याच्या पिढीचं बालपण. गतकाळच्या हुरहुरीची, नॉस्टॅल्जियाची, गोष्ट आपण नेहमी अशी सांगतो की एक छान काळ होता, तो गेला, आणि आता त्याची आठवण. युद्धात वाढलेल्या मुलांना आठवण काढायला तसा काळच मिळाला नव्हता. रुनेच्या चित्रांतलं बालपण हे आठवलेलं नाही, ते मिळायला हवं होतं तसं आहे. गोल फळं, पांढरंशुभ्र फर्निचर, फुलांचे गुच्छ, टोपलीत बसलेलं मांजर: यांतलं काहीच त्या बाँब पडलेल्या गावात नव्हतं. पुढे आयुष्यभर त्यानं जुन्या पाश्चात्त्य बाहुल्या जमवल्या आणि २००१ मध्ये इझू द्वीपकल्पातल्या शुझेन्जी इथे त्या बाहुल्यांचं संग्रहालय उघडलं. साठीच्या पलीकडचा माणूस बाहुल्यांच्या कपाटांमध्ये उभा आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणलं की मला त्याच्या विशीतल्या चित्रांचा अर्थ जास्त उलगडतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती इथे सांगणं मला आवश्यक वाटतं. रुने समलिंगी होता. १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'बाराझोकु' या जपानमधल्या समलिंगी पुरुषांच्या मासिकासाठी त्यानं १९८० च्या दशकात आणि नंतरही अनेक वर्षं मुखपृष्ठं काढली. तीच मऊ रेघ, तेच आडव्या नजरेचे डोळे. फुलं, रिबिनी, बाहुल्या यांची आवड असलेल्या मुलाला त्या काळच्या जगात काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना आपण करू शकतो. आपल्याकडे त्यासाठीचे शब्द आजही कमी नाहीत. 'हे तुला शोभत नाही' हे ऐकणाऱ्या मुलींची बाजू त्यानं इतकी मनापासून घेतली, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

१९६० मध्ये 'ज्युनिअर सोलेय' बंद पडलं, पण तोवर रुनेच्या मुली पानांतून बाहेर पडू लागल्या होत्या. पुढच्या दीड-दोन दशकांत त्या कपांवर, स्टिकरवर, रुमालांवर आल्या. चित्र वापरायच्या वस्तूवर यावं ही जपानमध्ये नवी कल्पना नव्हती. ताकेहिसा युमेजी या चित्रकाराचं 'मिनातोया' हे दुकान १९१४ मध्येच टोकियोच्या निहोनबाशी भागात उघडलं होतं आणि तिथे त्याच्या चित्रांचे पत्राचे कागद, लिफाफे मिळायचे. पण रुनेचं स्टिकर शाळकरी मुलीच्या खाऊच्या पैशांत येत होतं. ते तिनं स्वतः निवडलेलं असायचं. घरातल्या बाकीच्या सगळ्या वस्तू आईवडिलांनी निवडलेल्या होत्या.

त्याचा पांडा १९७१ चा आहे. चीननं भेट दिलेले कांग कांग आणि लान लान हे पांडे टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात आले ते ऑक्टोबर १९७२ मध्ये, आणि मग सारा देश पांडावेडा झाला. रुने वर्षभर आधीच तिथे पोचला होता. या पांडाची एक छोटी प्रतिमा माझ्या टेबलावर आहे. डोळ्यांभोवतीचे काळे डाग खाली उतरते, त्यामुळे तो कधीही रडेल असं वाटतं. पण उभा मात्र ठाम आहे, पाय रोवून, पोट पुढे काढून. मी त्याला कितीदा तरी हातात घेते. आणि दर वेळी मला आमच्या देवघरातला बाळकृष्ण आठवतो.

ही तुलना कुणाला धाडसाची वाटेल, पण मी ती विचार करून करते आहे. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर माहेरची अन्नपूर्णा आणि रांगणारा बाळकृष्ण देण्याची आपल्याकडे रीत आहे. बोटाच्या पेराएवढी पितळी मूर्ती: एक गुडघा टेकलेला, एका हातात लोण्याचा गोळा, डोकं अंगाच्या मानानं मोठं, मान वर करून आपल्याकडे बघणारी. अनोळखी घरात गेलेल्या मुलीला रोज सकाळी न्हाऊ घालायला, पुसायला, जपायला एक लहानगं तिच्या हक्काचं मिळतं. मुठीत मावेल एवढं, आपल्यावर अवलंबून असलेलं, आणि तरी आपल्याला धीर देणारं. मूर्ती घडवणाऱ्या आपल्या कारागिरांनी लोरेन्झ वाचलेला नव्हता. डोकं किती मोठं करायचं हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

रुनेनंतरची गोष्ट जगाला माहीत आहे. १९७४ मध्ये सानरिओ या कंपनीत शिमिझु युको या तरुण चित्रकर्तीनं एक पांढरी मांजर काढली. पहिल्यांदा ती आली एका छोट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पर्सवर: एका बाजूला दुधाची बाटली, दुसऱ्या बाजूला गोल्डफिशचं भांडं, मधे बसलेली हॅलो किटी. तिला तोंड नाही. डोळे पाहा: दोन काळे ठिपके, खाली आणि खूप लांब. रुनेनं शोधलेलं ते अंतर इथे शेवटच्या टोकापर्यंत ताणलं आहे आणि तरीही तुटलेलं नाही. शिमिझुनं १९७६ मध्ये कंपनी सोडली. १९८० पासून यामागुची युको या तिसऱ्या चित्रकर्तीनं किटीला सांभाळलं. २००३ मध्ये सान-एक्स कंपनीत कोन्दो आकी या चित्रकर्तीनं रिलाक्कुमा हे लोळत पडणारं अस्वल काढलं. या पात्रांना सारं जग ओळखतं, पण त्यांच्या चित्रकर्तींची नावं फार थोड्यांना सांगता येतात. आपल्या मुलींच्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर हीच चित्रं आहेत आणि ती कुणीतरी बसून, खोडून, पुन्हा काढून केलेली आहेत हे आपण त्यांना कधी सांगत नाही. या पुस्तकाचं काम अंगावर घेण्यामागे माझं तेच कारण होतं.

शेवटी त्या शब्दाबद्दल, ज्यानं मराठीत आणताना मला सर्वांत जास्त दमवलं. 'कावाई'चं मूळ शोधत गेलं तर ते चेहरा लाजेनं लाल होण्यापाशी जातं. पुढे त्याला दया यावी असं, बिचारं, असा अर्थ आला, आणि त्या दयेतूनच हळूहळू माया उगवली. 'कावाइसो' हा त्याचा सख्खा भाऊ आजही 'बिचारा' याच अर्थानं वापरतात. हा शब्द मोठ्यांनी लहानांसाठी वापरायचा होता. रुनेच्या मासिकांतून आणि वस्तूंतून मोठ्या होणाऱ्या मुलींनी तो उचलला आणि स्वतःच्या खोलीसाठी, झग्यासाठी, स्वतःसाठी वापरायला सुरुवात केली.

मराठीत 'गोंडस' लिहिलं तर त्यात गुबगुबीत बाळ येतं, पण ती दया येत नाही. 'लोभस'मध्ये मोठ्या माणसाचं रूप डोकावतं. 'छान'मध्ये काहीच येत नाही. कितीतरी दिवस मी पर्याय लिहून खोडत होते. मग एका दुपारी 'केविलवाणं' हा शब्द समोर आला, त्याच्या शेजारी 'बापुडवाणं', आणि त्याच रांगेत, त्याच शेपटाचा, 'गोजिरवाणं'. आपल्या भाषेनं दया आणि लाड एकाच दोऱ्यात ओवलेले होते, मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे या पुस्तकात जिथे जिथे रुने आपल्या चित्रांबद्दल 'कावाई' म्हणतो, तिथे तिथे 'गोजिरवाणं' वाचायला मिळेल. माझ्या मुलीनं हस्तलिखित वाचून एवढंच विचारलं, की हा शब्द सोळाव्या वर्षी स्वतःसाठी वापरला तर चालतो का. मी तिला माळ्यावरचं खोकं उतरवायला सांगितलं आहे.